डीपीला कोणता फोटो लावू? स्टुडिओत रोज विचारले जाणारे प्रश्न

चाळीसगावात आमचा फोटो स्टुडिओ आहे, वडलांपासून. पूर्वी लोक तीन कामांना यायचे, पासपोर्ट साइज, लग्न, आणि घरातलं कोणी वारलं की त्यांचा फोटो मोठा करून फ्रेम. आता रोज दोन-चार जण तरी मोबाईल पुढे करतात की दादा यातला डीपीला कोणता लावू, लिंक्डइनला कोणता, पोरीच्या बायोडाटाला कोणता. तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. क्रम काही नाही, जसं आठवलं तसं.

प्र. एकच चांगला फोटो काढून सगळीकडे लावला तर काय बिघडतं?

बिघडत काही नाही, पण काम होत नाही. मी गिऱ्हाइकाला उलटा प्रश्न विचारतो, हा फोटो बघणार कोण आणि बघून त्याला ठरवायचंय काय? व्हॉट्सॲपवर समोरच्याला फक्त एवढंच बघायचं राहतं की नंबर याचाच ना. लिंक्डइनवर पुण्यातली एचआरवाली मॅडम बघते की याला फोन करावा का. बायोडाटा बघणारी मावशी चष्मा लावून बघते की मुलगी खरंच अशी दिसते का. आणि गूगल मॅपवर बघणाऱ्याला तुमच्या तोंडाशी देणंघेणं नाही, त्याला दुकानाचं शटर ओळखायचंय.

एक पोरगा आलता, कन्नड घाटात बुलेटवर बसून, गॉगल, हात पसरलेले, मागे ढग. फोटो एक नंबर, मीच म्हटलं भारी आहे. पण त्याने तो नोकरीच्या प्रोफाइलला लावला होता आणि विचारत होता की कॉल का येत नाही. आता फोटोमुळेच येत नाही असं मी म्हणणार नाही, पण डोळे दिसत नाहीत, तोंड मुगाच्या दाण्याएवढं, बुलेट मात्र पूर्ण दिसते. तोच फोटो इन्स्टाला लाव म्हटलं, तिथे सोनं आहे.

प्र. व्हॉट्सॲप डीपीला नेमका कसा फोटो पाहिजे?

पहिली गोष्ट ही की डीपी गोल दिसतो आणि चॅटच्या लिस्टमध्ये तो नखाएवढाच राहतो. लोक काय करतात, पूर्ण उभा फोटो लावतात, मग त्या गोलात डोकं कापलं जातं नाहीतर माणूस मुंगीएवढा दिसतो. म्हणून डोक्याच्या वर थोडी जागा, खाली छातीपर्यंत, आणि चेहरा मधोमध. कोपऱ्यात काही लिहिलेलं असेल, नाव, तारीख, देवाचा जयघोष, ते गोलाबाहेर जाणार हे धरून चाला. फोटो आधी चौकोनी कापून घ्या, ५०० बाय ५०० पिक्सेल म्हणजे भरपूर झालं, त्यापेक्षा लहान असेल तर मोठा करून बघितल्यावर फाटतो.

लावायच्या आधी एक टेस्ट करा, मी सगळ्यांना सांगतो. फोटो गॅलरीत ठेवून फोन हातभर लांब धरा आणि बारीक करून बघा. ओळखू येतो का? आला तर लावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दाखवा, त्यांनी "हा कोण रे" विचारलं की समजून जा.

मागची बाजू साधी पाहिजे. साधी म्हणजे पांढरीच नाही, चुन्याची भिंत, निळा दरवाजा, कापसाचं शेत, काहीही चालतं फक्त गिचमिड नको. डोक्यातून लाइटचा खांब निघालेला, कानामागे वाळत घातलेली चादर, हे नव्वद टक्के घरच्या फोटोत असतंच असतं (टक्का माझ्या अंदाजाचा, मोजायला बसलो नाही).

प्र. देवाचा, फुलाचा, नातवाचा फोटो डीपीला चालतो का?

घरच्या ग्रुपपुरता बिनधास्त चालतो, सगळ्यांना माहिती आहे की गुलाबाचं फूल म्हणजे आक्का. पण तुम्ही त्याच नंबरवरून धंदा करत असाल, पॉलिसी विकत असाल, क्लास घेत असाल तर स्वतःचं तोंड दाखवा. अनोळखी नंबरवरून फुलाने मेसेज केला की "सर आपल्याशी बोलायचं होतं" तर आजकाल लोक आधी ब्लॉक करतात.

लहान मुलांचं मात्र जरा सांभाळून. डीपीची सेटिंग "सगळे" अशी असेल तर तुमचा नंबर ज्याच्याकडे आहे तो कोणीही तुमच्या नातवाचा फोटो बघू शकतो. शाळेचा गणवेश, शाळेचं नाव, घराचा नंबर दिसणारा फोटो तर लावूच नका.

प्र. दादा, मना फोटोच चांगला येत नही. काय करू?

हा प्रश्न अहिराणीतच येतो बहुतेक वेळा, म्हणून तसाच लिहिला. आणि विचारणारा माणूस दिसायला चांगलाच राहतो.

याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे आरसा. आपण जन्मभर स्वतःला आरशात बघतो, म्हणजे उलटं. भांग डावीकडचा उजवीकडे, एका भुवईचा उंचवटा दुसरीकडे. फोटोत आपण सुलटे दिसतो, जसे जगाला दिसतो तसे, आणि आपल्यालाच ते परकं वाटतं. बायकोला विचारा, ती म्हणेल असेच तर दिसता तुम्ही. सेल्फी कॅमेऱ्यात आरशासारखा फोटो ठेवायची सेटिंग राहते, ती चालू-बंद करून दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा, लगेच कळेल. फक्त शर्टावर किंवा मागच्या पाटीवर अक्षरं असतील तर ती उलटी येतात, एवढं ध्यानात ठेवा.

दुसरं कारण सेल्फीचं अंतर. फोन तोंडाच्या जवळ असला की जे जवळ आहे ते मोठं दिसतं, म्हणजे नाक. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये याचं गणित मांडलं होतं, १२ इंचावरून काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसतं. नाक तेच, अंतर वेगळं. म्हणून मी सांगतो की हाताने सेल्फी काढूच नका, दुसऱ्याच्या हातात फोन द्या, त्याला चार-पाच फूट लांब उभं करा, मागचा कॅमेरा वापरा आणि २एक्स झूम असेल तर तो लावा. कोणीच नसेल तर फोन खिडकीत टेकवा, टायमर लावा १० सेकंदाचा. बस. अर्ध्या लोकांचा "चांगला येत नही" इथेच संपतो.

प्र. स्टुडिओत न येता घरीच मोबाईलवर चांगला फोटो कसा काढायचा?

माझाच धंदा मारणारा प्रश्न, पण सांगतो.

आधी कॅमेऱ्याची काच पुसा. हसू नका. खिशातला फोन, त्यावर घाम, तेल, तंबाखूची पूड. रुमालाने पुसली की निम्मा धूसरपणा जातो.

मग उजेड. आपल्याकडचं ऊन कसं राहतं माहिती आहे, एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ च्या खाली बोलत नाही. दुपारी बारा ते चार उन्हात फोटो काढला की डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात, नाकाची सावली ओठावर येते, माणूस डोळे मिचकावतो आणि वर घाम चकाकतो. सकाळी साडेआठ-नऊच्या आत किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर काढा. दुपारीच काढायचा असेल तर घराच्या दारात उभं राहा, उंबऱ्याच्या आत, एखाद पाऊल मागे, तोंड बाहेर. अंगणातला उजेड मऊ होऊन चेहऱ्यावर येतो आणि मागे घरातला अंधार आपोआप पडदा होतो. जुनी धाब्याची घरं ज्यांची अजून आहेत त्यांना तर फुकटचा स्टुडिओ आहे, जाड भिंती, एकच दार, आत गार अंधार. असा उजेड आम्ही हजारो रुपयांचे लाइट लावून तयार करतो.

चाळीसगावच्या माणसाला उजेडाचं सांगायला लागू नये खरं तर. नावाजलेले फोटोग्राफर केकी मूस इथलेच, १९८९ मध्ये गेले. टेबलावर कागद, चिकणमाती, काड्या मांडून त्यावर उजेड असा टाकायचे की बघणाऱ्याला बर्फाचा डोंगर आणि जंगल वाटावं. जवळजवळ पन्नास वर्षं बंगल्याच्या बाहेर क्वचितच पडले आणि त्या चार भिंतीत बसून जगभरातली बक्षिसं घेतली. स्टेशनजवळ त्यांचं संग्रहालय आहे, रोज रेल्वेने अप-डाऊन करणाऱ्यांतल्या कित्येकांनी आत पाय ठेवलेला नाही. एकदा जा. एकाच खिडकीच्या उजेडात माणसाचा चेहरा कसा दिसू शकतो ते बघितलं की तुम्ही घरी येऊन पहिली ट्यूबलाइट बंद कराल.

ट्यूबलाइटचं पण तेच, रात्री घरात डोक्यावरच्या लाइटखाली काढलेला फोटो पिवळा नाहीतर हिरवट येतो. आणि हिरवटावरून आठवलं, केळीच्या बागेतले फोटो. रावेर, यावल, चोपड्याकडची पोरं बागेत उभी राहून फोटो काढतात, कल्पना झकास, पण आत घुसून काढला की पानातून गाळून आलेला उजेड चेहऱ्यावर हिरवा पडतो आणि मधेमधे उन्हाचे कवडसे, माणूस आजारी दिसतो. बागेच्या कडेला, बांधावर या, बाग मागे ठेवा, तोंड मोकळ्या आभाळाकडे करा. मग हिरवा रंग मागे राहतो, तोंडावर येत नाही. कापसाच्या शेताचं उलट आहे, बोंडं फुटलेली असताना पांढरा उजेड खालून वर येतो आणि डोळ्याखालच्या सावल्या जातात.

कपडे म्हणाल तर गडद एकरंगी कधीही बरे. बारीक चौकडीचा शर्ट मोबाईलमध्ये लाटा मारल्यासारखा दिसतो. पांढरा शर्ट पांढऱ्या भिंतीसमोर घालू नका, नुसतं डोकं तरंगताना दिसेल.

आणि फोटो एकच काढून "बघू बघू" करू नका. तीस-चाळीस काढा. आम्हीपण तेच करतो, फक्त तुम्हाला चारच दाखवतो.

प्र. लिंक्डइनला पासपोर्ट फोटो स्कॅन करून लावला तर?

नका लावू. पासपोर्ट फोटोत हसायचं नसतं, सरळ बघायचं, कान दिसले पाहिजे, तो ओळख पटवायला आहे. लिंक्डइनवर समोरच्याला वाटलं पाहिजे की या माणसासोबत आठ तास बसता येईल. हलकं हसू, खांदे किंचित तिरके, डोळे कॅमेऱ्यात. चेहऱ्याने फ्रेमची साधारण ६० टक्के जागा घ्यावी असं लिंक्डइनवालेच सांगतात. साइज कमीत कमी ४०० बाय ४००. मागचा आडवा बॅनर १५८४ बाय ३९६ चा, तिथे निळा डिफॉल्ट ठेवण्यापेक्षा तुमच्या कामाचा काहीतरी फोटो टाका, साइट, लॅब, वर्कशॉप. फक्त डाव्या खालच्या बाजूला तुमचाच गोल फोटो त्यावर येतो, तिथे काही महत्त्वाचं ठेवू नका.

आता कोटाचं. पोरं येतात, "दादा, कोट चिकटवून द्या". आमच्याकडे कॉम्प्युटरात बारा कोट आहेत, खोटं कशाला बोलू, निळा, काळा, टायवाला, बिनटायचा. फॉर्मच्या फोटोला अजून चिकटवतो. पण लिंक्डइनला नको बाबा, मान एकीकडे कोट दुसरीकडे, आणि एचआरने दिवसभरात असे पन्नास बघितलेले असतात, तोच कोट, त्याच घड्या. इस्त्रीचा साधा शर्ट घाला, बाही नीट करा, झालं. इंजिनिअरिंगच्या फायनल इयरला असाल तर मित्राचा ब्लेझर मागून घ्या, अंगात बसणारा मात्र. ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर यांनी कोट घालायचा विचारही करू नका, कामाच्या कपड्यात, कामाच्या जागेवर काढलेला स्वच्छ फोटो तुमच्यासाठी कोटाच्या दहापट बोलतो.

प्र. लग्नाच्या बायोडाटाला कोणते फोटो द्यायचे? आणि किती एडिट करायचे?

यावर मी तासभर बोलू शकतो. आमच्याकडे हंगामात सगळ्यात जास्त काम याचंच.

तीन फोटो पुरे. एक जवळचा, खांद्यापासून वर. एक पूर्ण उभा, साध्या कपड्यात, कारण उंची आणि बांधा बघतातच, कोणी बोलून दाखवत नाही एवढंच. आणि एक सहज काढलेला, घरच्यांबरोबर किंवा आवडीचं काही करताना. भाड्याच्या गाडीला टेकून काढलेला नको. सगळ्यांना कळतं.

एडिटिंगचं म्हणाल तर माझा नियम आहे, जे चार दिवसात जाणार आहे ते मी काढतो, जे राहणार आहे ते ठेवतो. पिंपल काढतो, उडालेला केस बसवतो, घाम पुसतो. तीळ, सावळा रंग, चष्मा, पुढचा तिरका दात, यांना हात लावत नाही. "दादा, जराशी गोरी कर ना" असं आया येऊन कानात सांगतात, पोरगी शेजारी मान खाली घालून उभी राहते, आणि मला त्या वेळी खरंच राग येतो. एकदा आईच्या हट्टापायी केला होता मी तसा फोटो. पाहण्याचा कार्यक्रम झाला, पाहुणे पोहे खाऊन गेले आणि मधल्या माणसाकडून निरोप आला की फोटोत वेगळी होती. चूक माझी, ऐकून घ्यावं लागलं तिला. तेव्हापासून बंद. उजेड चांगला टाकला की सावळी माणसं फोटोत किती छान दिसतात हे लोकांना माहितीच नाही, कारण त्यांना कायम दुपारच्या उन्हात नाहीतर ट्यूबखाली उभं केलेलं राहतं.

मोबाईलमधलं ब्युटी मोड पण बघा, काही फोनमध्ये ते आधीपासूनच चालू राहतं आणि तुम्हाला वाटतं की आपला फोन भारी आहे. कॅमेऱ्यात जाऊन शून्यावर आणा.

अजून एक. बायोडाटा समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की तो सुरतेपासून नागपूरपर्यंत फिरतो आणि परत कधी येत नाही. लग्न होऊन लेकरं झाली तरी फिरत राहतो. म्हणून ग्रुपवर एकच फोटो टाका, तोही साधा, फोटोवर फिकट अक्षरात "फक्त स्थळासाठी" आणि महिना-वर्ष लिहा. बाकीचे दोन समोरच्यांनी रस दाखवल्यावर थेट त्यांना.

प्र. फेसबुकला?

फेसबुकवर तुमचे शाळेतले मित्र, मामेभाऊ, जुने सर शोधायला येतात, तेव्हा ओळखू येईल असा अलीकडचा फोटो लावा, कुटुंबाबरोबरचाही चालतो. कव्हर फोटो कॉम्प्युटरवर रुंद आणि मोबाईलवर जरा उंच दिसतो, त्यामुळे सगळं महत्त्वाचं मधोमध ठेवा. तोरणमाळचा तलाव, लळिंगचा किल्ला, पाटणादेवीचा डोंगर, असे आडवे देखावे तिथे छान बसतात.

कव्हरला वाढदिवसाचा बॅनर, त्यावर अठ्ठावीस शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, हे मात्र चौकात राहू द्या. मोबाईलवर अठ्ठावीस ठिपके दिसतात.

प्र. नेत्यासोबतचा फोटो प्रोफाइलला लावू का?

लावा की. फक्त मग लोक नेत्याला ओळखतील, तुम्हाला नाही. आणि पक्ष बदलला की पहिले फोटो बदलत बसायची पळापळ, हे आम्ही दर निवडणुकीला बघतो.

प्र. इन्स्टाग्रामचं गणित काय आहे, माझे जुने फोटो कापल्यासारखे दिसताहेत.

कारण जानेवारी २०२५ पासून इन्स्टाने प्रोफाइलवरचे चौकोन उभे केले, आधी एकास एक होते आता तीनास चार दिसतात. त्यामुळे जुन्या चौकोनी पोस्टच्या कडा प्रोफाइलवर कापल्या जातात, उघडल्यावर पूर्ण दिसतात. आता उभेच फोटो टाका, रुंदी १०८०, उंची १३५० किंवा १४४०.

इन्स्टाचा डीपी व्हॉट्सॲपपेक्षाही बारीक दिसतो. अहिराणी कॉमेडी, गाणी, रील्स करणारी खानदेशातली पोरंपोरी आता खूप आहेत, त्यांना सांगणं एकच, डीपी महिन्याला बदलू नका. स्क्रोल करताना लोक नाव वाचत नाहीत, तो रंगाचा गोळा ओळखतात. लाल पगडी तर लाल पगडी, पिवळी भिंत तर पिवळी भिंत, एक धरून ठेवा. यूट्यूबला पण तोच लावा. म्हणजे वर मी म्हटलं एकच फोटो सगळीकडे नको, त्याला हा अपवाद झाला. कलाकाराचा चेहरा म्हणजे दुकानाची पाटी, ती दर गल्लीत वेगळी असून कसं चालेल.

प्र. दुकानासाठी मालकाचा फोटो लावू की लोगो?

विकता काय त्यावर आहे. डॉक्टर, वकील, शिकवणी, मेकअप, इथे माणूसच माल आहे, तोंड लावा. किराणा, हार्डवेअर, ॲग्रोचं दुकान, इथे लोगो किंवा पाटी. पण लोगोत दुकानाचं पूर्ण नाव, पत्ता, स्थापना वर्ष आणि गणपती एवढं सगळं कोंबलं की गोलात काहीच वाचता येत नाही, एक अक्षर किंवा एक चित्र ठेवा.

खाण्याच्या धंद्याला मात्र मालच दाखवा. हिवाळ्यात भरीत विकणारे लोगो लावतात तेव्हा मला कळतच नाही, अरे जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, ते हिरवं लंबोळं वांगं काड्यांवर भाजताना धूर निघतो त्याचा फोटो लाव की! कळण्याची भाकरी, वर हिरव्या मिरचीचं भरीत, बाजूला कांद्याची पात. फोटो खिडकीच्या उजेडात, ताटाच्या बाजूने तिरका काढा, फ्लॅश मारला की तेल चमकतं आणि सगळं शिळं दिसतं.

गूगलवर दुकानाचं प्रोफाइल असेल तर पहिला फोटो समोरून काढलेला टाका, रस्त्याच्या पलीकडून, शटर उघडं, पाटी वाचता येईल असा, जमलं तर शेजारचं ओळखीचं दुकान किंवा झाड दिसू द्या. ७२० बाय ७२० पिक्सेल आणि ५ एमबीच्या आत.

प्र. एआयने बनवलेला फोटो डीपीला लावला तर काय होतं?

गंमत म्हणून लावा. २०२५ मध्ये आधी ते जपानी कार्टूनसारखे फोटो झाले, मग नॅनो बनाना नावाच्या गूगलच्या एआयवर सगळ्या बायका जुन्या सिनेमातल्या साडीत दिसायला लागल्या. आमच्या जिल्ह्यात नॅनो बनाना म्हटलं की लोकांना आधी वेलची केळं आठवतं, ते सोडा.

पण नोकरीला, स्थळाला, आणि कोणत्याही फॉर्मला एआयचा फोटो नको म्हणजे नको. तो तुमच्यासारखा दुसराच माणूस बनवतो, नाक थोडं सरळ, जबडा थोडा टोकदार, आणि इंटरव्ह्यूला समोर आलात की लोकांच्या कपाळावर आठी. गूगल त्या फोटोत डोळ्याला न दिसणारी खूण पण टाकतं, म्हणजे तपासणाऱ्याला कळू शकतं. मागची भिंत साफ करायला, पार्श्वभूमी बदलायला वापरा, चेहऱ्याला हात लावू देऊ नका.

प्र. पोरीचा फोटो कोणी डाउनलोड करून गैरवापर केला तर? फोटोच लावू नये का?

भीती खरी आहे, पण पोरींनी तोंडच दाखवू नये हे मला पटत नाही. कुलपं लावा. व्हॉट्सॲपमध्ये प्रायव्हसीत जाऊन प्रोफाइल फोटो "माझे कॉन्टॅक्ट्स" करा, त्यातही एखाद्याला वगळता येतं. व्हॉट्सॲप आता डीपीचा स्क्रीनशॉट घेऊ देत नाही, पण दुसऱ्या मोबाईलने फोटो काढणाऱ्याला कोण अडवणार. फेसबुकने २०२० मध्ये भारतात प्रोफाइल लॉक आणलंय, ते चालू करा, मग अनोळखी लोकांना प्रोफाइल फोटो मोठा करून बघता येत नाही. इन्स्टाचं अकाउंट प्रायव्हेट केलं तरी डीपी सगळ्यांना दिसतोच, हे बऱ्याच जणींना माहिती नसतं. त्यामुळे तिथला डीपी लांबून किंवा बाजूने काढलेला ठेवला तरी चालतो.

अजून एक, मोबाईलने काढलेल्या फोटोत जागेचं लोकेशन लपलेलं राहतं, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ते निघून जातं, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर सोबत जातं.

आणि झालंच काही, कोणी खोटं अकाउंट काढलं किंवा घाण फोटो बनवला, तर पोरीला रागावत बसू नका. आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा, मग त्या ॲपवर रिपोर्ट, आणि सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. महिला आणि मुलांच्या बाबतीत तिथे नाव न सांगताही तक्रार करता येते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० नंबरला फोन.

प्र. तुम्ही दिलेला फोटो व्हॉट्सॲपवर आला की धूसर होतो, का?

व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. पाठवताना एचडी निवडा, किंवा सरळ डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. आणि स्टेटसवरचा स्क्रीनशॉट घेऊन "हा मोठा करून फ्रेम करा" म्हणू नका, त्यात मोठं करायला काही उरलेलंच नसतं.

प्र. फोटोग्राफरने आमच्या लग्नाचे फोटो स्वतःच्या पेजवर टाकले, चालतं का?

आमच्या धंद्यातल्या लोकांना आवडणार नाही, पण पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा मालक, वेगळं काही लिहून दिलं नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देणाराच. काढायला सांगा, शांतपणे. पुढच्या वेळी बुकिंगच्या कागदावर आधीच लिहून घ्या.

प्र. ग्रुप फोटोतून स्वतःला कापून डीपी केला तर?

दुसऱ्याचा हात तुमच्या खांद्यावर तसाच राहतो. नको.

प्र. फोटो किती दिवसांनी बदलायचा?

चेहरा बदलला की. दाढी ठेवली, चष्मा लागला, केस गेले, वजन आलं. लिंक्डइनला आणि बायोडाटाला दोन वर्षांपेक्षा जुना नको. एक काका अठरा वर्षांपूर्वीचा फोटो डीपीला ठेवून होते, प्लॉटचा सौदा करायला धुळ्याहून माणूस आला तर स्टँडवर दोघं एकमेकांसमोर उभे राहून फोनवर विचारत होते, कुठे आहात?

प्र. वडील गेले. त्यांचा फोटो माझ्या डीपीला लावायचाय, पण चांगला फोटोच नाही.

हा प्रश्न विचारायला माणूस येतो तेव्हा दुकानात कोणी असेल तर थांबतो, गर्दी कमी झाली की बोलतो.

फोटो राहतो कुठेतरी. आधार कार्डावरचा आणू नका, तो कोणाचाच चांगला नसतो. पुतण्याच्या लग्नाचा अल्बम बघा, मागच्या रांगेत, पंगतीत वाढताना. मित्रांचे फोन बघा, दिंडीचे, बाजार समितीतले, शेतातले. व्हिडिओतूनही एखादी फ्रेम निघते, दर्जा कमी असतो पण हसू खरं राहतं. जुना कागदी फोटो असेल तर मोबाईलने फोटोचा फोटो काढू नका, वरचा लाइट त्यात चमकतो, स्कॅन करून घ्या आणि मूळ फोटो प्लास्टिकच्या पिशवीतून आणू नका, वहीत ठेवून आणा.

टोपी असेल तर टोपीसकट ठेवा. एकाने मला टोपी काढून केस लावून द्यायला सांगितलं होतं, मी दिले, आणि संध्याकाळी त्याची माय स्वतः दुकानात आली, म्हणाली हे कोण आहेत?